जुना पत्ता

सिद्धारामच्या अंबाजोगाईच्या बातम्यांच्या वेबसाइटचं नाव तेच राहिलं, पण दोन हजार तीन साली तिच्या सर्व्हरचा आकडी पत्ता बदलला. वाचकांचा खोळंबा होऊ नये म्हणून त्यानं नव्यासोबत जुना पत्ताही चालू ठेवला. हळूहळू सगळे नव्यावर गेले. जुन्यावर रोज सकाळी एकच जण यायचा, मस्कतहून.

"एका माणसासाठी कावून चालू ठेवलंस बे? बंद कर की," भागीदार हनुमान म्हणाला.

"दादा हाय तो. राहू दे."

वाटणीच्या भांडणानंतर मस्कतला असलेल्या थोरल्या केदारनाथनं घराशी बोलणंच टाकलं होतं. भांडणाआधी, वेबसाइटला नावसुद्धा नव्हतं तेव्हा, ते आकडे सिद्धारामनंच त्याला लिहून दिले होते; तो अजून तेच टाकून यायचा. बोलत नसला तरी गावाकडं बघतोय, एवढ्यावरच सिद्धारामचा जीव निवायचा.

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यानं फक्त जुन्या पत्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "दादा, आई लई आजारी हाय. सारखं तुझंच नाव घेती. ये."

दुसऱ्या सकाळी मस्कतहून ते पान उघडलं गेलं.

 

त्यानंतर केदारनाथ कुठंच आला नाही. ना त्या पत्त्यावर, ना घरी.