ज्याला लागलं त्याची साक्ष

"पुन्हा दाखवा," तिघांच्या शिस्त समितीचे अध्यक्ष हॅटर्सली म्हणाले, आणि पडद्यावर डॅरन हेपवर्थच्या हाताचा दंड सातव्यांदा विरुद्ध संघाच्या कोलच्या कपाळाकडे निघाला. संथ गतीने. इतकं संथ दाखवलं तर पावाला लोणी लावणारा माणूसही खुनी दिसेल! कोलचे पाय मात्र एकदाही दिसले नाहीत. नेमकी मध्ये दुसऱ्याच खेळाडूची पाठ.

डॅरनच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सोळा वर्षं रग्बी लीगमध्ये हाडं मोडून घेतली, तेव्हा कुठे त्याचा क्लब पहिल्यांदा फायनलला पोहोचला होता. सामना येत्या शनिवारी. पुढच्या वर्षी तो पस्तिशीचा. मग कोण विचारतंय? सेमीफायनलला मैदानात चिखल होता. कोल घसरलाच असणार, नाहीतर छातीवर बसायचा दंड कपाळावर कसा बसेल?

"डोक्याला मारणारा दोन सामने बाहेर," हॅटर्सली म्हणाले. "कारण विचारायचं नाही, असा नियम आहे."

"अहो साहेब, मग तुम्ही तिघं कशाला बसलात? एखादं यंत्र बसवा की इथं!"

क्लबची सेक्रेटरी मॉरीन हिने त्याची बाही ओढली. "गप रे मेल्या. होतं नव्हतं तेही घालवशील."

"का गप बसू? ज्याला लागलं तोच बाहेर बसलाय. त्याला तरी विचारा!"

"डोक्याला मार लागलेल्या खेळाडूची साक्ष आम्ही घेत नाही."

"का नाही?"

"नियम."

डॅरनने कपाळावर हात मारला. सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने कोलला फोन केला होता. तब्येत विचारली, मग म्हणाला, "चिखलात घसरलास ना रे तू?" कोल क्षणभर थांबून म्हणाला होता, "हो, घसरलो." आणि विरुद्ध संघाचा असूनही तो आज दोन बस बदलून इथवर आला होता. त्याला आहे ती माणुसकी या तिघांना रत्तीभर नसावी?

तिघं बराच वेळ कुजबुजले. शेवटी हॅटर्सलींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठीक आहे. या एकाच वेळेपुरते नियम बाजूला. बोलवा त्याला."

कोल आत आला. भुवईवर सात टाके. "मी घसरलो. डॅरनची काही चूक नाही," एवढंच तो म्हणाला, पण ठामपणे. दहा मिनिटांत निकाल लागला. डॅरन शनिवारी खेळायला मोकळा!

बाहेर मॉरीन डोळे पुसत थर्मासातला चहा ओतू लागली. डॅरनने कोलला मिठीच मारली. "तुझे उपकार कसे फेडू, गड्या? त्यांनी अजून खोदून विचारलं असतं, तरी तू हलला नसतास!"

कोल अवघडून हसला. टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "नाही विचारलं तेच बरं झालं. मला तो सामनाच आठवत नाही रे. फोनवर तूच म्हणालास ना, मी घसरलो म्हणून."