नणंदेचं वजन

विमा कंपनीने कसालमध्ये वजन घटवण्याची स्पर्धा ठेवली. गौरजाची नणंद वैजयंती तीन महिन्यांत दहा किलो उतरवून पहिली आली. हार, फोटो, शिवाय पुढच्या हप्त्यात सवलत! गौरजाचा नुसता जळफळाट झाला. आपण नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेऊन पार थकलोय, आणि त्याची सख्खी बहीण रोज पहाटे उठून बारीक व्हायला धावते!

"भाव आजारी आसा, आणि तुका बारीक होवचा सुचता गो?" तिने सगळ्यांदेखत विचारलं.

वैजयंतीने तिला बाजूला नेलं आणि ती हळूच म्हणाली,



"वयनी, वजन उतारल्याशिवाय माझी किडनी दादाक चलाची नाय, असा डॉक्टरांनी सांगितलेला. आज ते होय म्हणाले."