ऐकण्यापुरती कानडी

कडीला हात लावायच्या आधीच अजिनाथ थांबला. दार किलकिलं होतं आणि आत त्याची बायको महानंदा फोनवर हसत होती. पोटातून, मनमोकळं. आणि कानडीत.

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण मराठीत ती आपल्यासमोर अशी कधी हसल्याचं त्याला आठवेना.

दिवाळीपासून हे चाललं होतं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाचं शटर अर्धवट ओढून तो दुपारी जेवायला आला की हिचं बोलणं सुरूच. तो आत आला की दोन शब्दांत आटपायचं आणि ताट वाढायला घ्यायचं.

“कुणाचा फोन?” त्याने एकदा सहज आवाजात विचारलं. तो आवाज सहज करायला त्याला बरेच कष्ट पडले.

“हाय एक आपलं मानूस,” महानंदा म्हणाली. “सांगितलं तरी तुमाला काय कळणार हाय?”

ती अंघोळीला गेल्यावर त्याने तिचा फोन तपासला. दुपारी कुणाशी बोलल्याची खूणसुद्धा त्यात नव्हती. म्हणजे बाई पुसून टाकते! अजिनाथच्या अंगाचा तिळपापड झाला.

अजिनाथ माळशिरसकडचा, त्याला कानडीचा गंध नाही. महानंदा अक्कलकोटच्या पलीकडची, कानडीतच वाढलेली. तिचे वडील महादेवप्पा आले की सासरा आणि जावई समोरासमोर बसून नुसता चहा प्यायचे, कारण म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती. “दोन शब्द शिका की, अप्पाला बरं वाटंल,” असं महानंदा दरवेळी म्हणायची. “आता या वयात पाटी घिऊन बसू का?” असं तो दरवेळी म्हणायचा.

आता मात्र तो पाटी घेऊन बसला. जळफळाट माणसाला काय काय करायला लावतो! कॉलेजात जाणाऱ्या सृष्टीला, आपल्या मुलीला, त्याने मोबाइलवर कानडी शिकवणारं ॲप शोधायला सांगितलं. “दुकानात तिकडची गिऱ्हाईकं येत्यात,” असं कारण दिलं. सृष्टीने एक शब्द न विचारता तीन ॲप मोबाइलमध्ये घालून दिली.

पहिल्याने त्याला विमानतळावर बॅग हरवल्याची तक्रार करायला शिकवलं. अजिनाथने विमान पाहिलं होतं ते खालूनच. दुसऱ्याने अक्षरं गिरवायला लावली. तिसऱ्यात घरातली बोलणी नुसती ऐकायची होती, सावकाश केलेली. त्याने तिसरं ठेवलं. त्याला बोलायचं कुठे होतं? ऐकायचं होतं.

तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता तो कानात इअरफोन खुपसून ऐकत राहिला. उत्तर बरोबर आलं की ॲप टाळ्या वाजवायचं. बायकोची चोरी पकडायला शिकणाऱ्या माणसाला कसल्या टाळ्या, असं मनात येऊन तो आणखीच चिडायचा.

हळूहळू दाराबाहेरून शब्द कळायला लागले. “आज वांगी केलीत,” ती फोनवर सांगत होती. पाच मिनिटांनी त्याच्या ताटात वांगी आली. म्हणजे आपल्या घरातली भाजीसुद्धा त्या फोनवरच्या माणसाला आधी कळते! दुसऱ्या दिवशी, “उन्हाचं फार हिंडू नका.” तेही सावकाश, एकेक वाक्य दोनदोनदा, लहान पोराला घास भरवावा तसं. इतका लाड! अजिनाथला ती मराठीत एकदाच सांगायची आणि वर ओरडायची.

आज कडीपाशी थांबून ऐकताना त्याला पहिल्यांदाच सगळं कळत होतं.

“लई वर्षं वाट पाहिली मी,” महानंदा म्हणत होती. “तुमच्याशी या भाषेत बोलले की माहेरी आल्यासारखं वाटतं. आता तुम्हाला माझं सगळं कळतं. आणखी काय पाहिजे?”

एकही शब्द सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याला रडू येत होतं. ही बाई आपली आहे, ती जाता कामा नये, एवढंच त्याला कळत होतं. आणि तिला तसं कधी सांगितलं नाही, हेही.

पण आज सोडायचं नाही. त्याने खिशातून मोबाइल काढला. तिचा नंबर लावायचा, तो बिझी लागला की खात्री पटेल, मग तसंच आत घुसायचं आणि फोन हिसकावून त्या माणसाचा आवाज ऐकायचा. त्याने बटण दाबलं.

दाराच्या फटीतून त्याला दिसलं. महानंदाने कानाला लावलेला फोन कानाशीच वाजायला लागला. म्हणजे पलीकडे कुणी नव्हतंच.

ती दचकली नाही. फोन खाली घेऊन ती दाराकडे वळली आणि सावकाश, कानडीतच म्हणाली, “आत या. अप्पांना फोन लावते. बोला त्यांच्याशी.”