फोटोत पाणी

शहादेवनं गावच्या कोरड्या तलावाचा फोटो 'भटके कॅमेरे' ग्रुपवर टाकला. मांजरसुंब्याच्या स्टुडिओवाल्या सुंदररावांनी लगेच मत दिलं, "भेगा झकास हायत, पण फोटोला जीव न्हाई बे. थोडं पाणी पाहिजे होतं."

"पाणी आमालाबी पाहिजे होतं, सुंदरराव," असं लिहून शहादेवनं मोबाईलवरच तलाव काठोकाठ भरला आणि वर दोन बगळे सोडले. फोटो पुन्हा ग्रुपवर टाकला, तर या खेपेला पस्तीस जणांनी अंगठे दिले. गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमनना तर फोटो इतका आवडला, की त्यांनी तो कॅलेंडरवर छापला आणि एक कॅलेंडर तालुक्याच्या साहेबांना नेऊन दिलं.

पुढच्या सोमवारी गावाचा पाण्याचा टँकर बंद झाला. कागदावर कारण होतं : तलाव भरलेला आहे.

शहादेवच्या आईनं, सरूबाईनं, रिकामी घागर त्याच्या कॅमेऱ्याशेजारी आणून ठेवली.

शहादेवनं मूळ फोटो मोठा छापून घेतला आणि तडक साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, टँकर कावून बंद केला? हा खरा फोटो बघा. तलावात थेंब न्हाई."

साहेबांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी लावून बराच वेळ पाहिला.



"बगळे सफाईनं काढलेत," ते म्हणाले, "पण पाणी पुसलेलं लगेच कळतंय."