उघड्यावरचा धूर

हवालदारानं धुराच्या हातगोळ्याची पिन उपसली आणि खटका मुठीत घट्ट दाबून तो तळघराच्या झरोक्यापाशी वाकला. आत कुणीतरी खोकलं. बारीक, तोंडावर हात दाबल्यासारखं.

"टाक आत!" रस्त्यापलीकडच्या भिंतीआडून कॅप्टन ओरडला. त्याच्या जवानांच्या बंदुका तळघराच्या दारावर रोखलेल्या होत्या.

"साहेब, आत लेकरं आहेत."

"तो बंदूकवालाही आतच शिरलाय. आणि धुराचाच तर गोळा आहे! कुणी मरत नाही त्यानं. खोकत बाहेर येतील."

"उघड्यावर मरत नाही, साहेब. कोंडलेल्या खोलीत दारापर्यंत पोचत नाही माणूस. शिवाय ह्या गोळ्याचा डबा असा तापतो की खाली चिंधी असली तरी पेट घेते."

"सकाळी त्याच्या गोळीनं माझी दोन माणसं गेली. मला शिकवू नकोस. हुकूम आहे हा!"

"हुकूम ऐकला, साहेब. पाळणार नाही."

उभ्या नोकरीत हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पण खटक्यावरची मूठ सैल पडली नाही.

झरोक्याच्या गजांशी एका म्हातारीचा चेहरा आला. "बाबा रे, तो मघाशीच मागच्या भिंतीवरून पळाला. आत आम्हीच आहोत. सांग ना त्यांना."

हवालदारानं रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. कॅप्टनच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं.

"आता सांगून उपयोग नाही, मावशी," तो हळूच म्हणाला. "समोर धूर दाटला की दार उघडा आणि भिंतीला धरून डावीकडं पळा. लेकरांचे हात सोडू नका."

तो उठला, झरोक्याकडे पाठ केली आणि हातगोळा भर रस्त्यात भिरकावला. फुस्स झालं. बघता बघता पांढरा धूर दाटला आणि पलीकडची भिंत, बंदुका, कॅप्टन, सगळं पुसून गेलं. पलीकडून शिव्या ऐकू आल्या, मग ठसका.

हवालदार सरकत दाराच्या पुढ्यात आला आणि पाय रोवून उभा राहिला. मागे कडी सरकली. अनवाणी पावलं धावू लागली. कुणी अडखळलं, कुणी त्याला उचललं. एका इवल्या मुठीनं हवालदाराची पँट क्षणभर धरली आणि सोडली.

"हवालदार! कोण पळतंय तिकडं?"

"काही दिसत नाही, साहेब," तो खणखणीत आवाजात म्हणाला.