बाबांची तोंडं

बाबा स्टुडिओत येणार नाहीत, असंच ठमी धरून चालली होती. पण ते आले, आणि टेबलावरच्या वीतभर बाहुल्याकडे वाकून बघत राहिले.

बाहुला त्यांचाच होता. ठमी त्यांच्यावर सिनेमा करत होती. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. बोलण्याहसण्यासाठी नाकाखालचा चेहरा दर वेळी बदलायचा. ते तुकडे ती थ्रीडी प्रिंटरवर छापायची. लोहचुंबकाने ते टपकन बसत. त्यासाठी तिने बाबांचा चेहरा स्कॅन केला होता. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं तोंड डावीकडे ओघळलं होतं. छापण्याआधी तिने ते कॉम्प्युटरवर सरळ केलं.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच की, बाबा."

त्यांनी पुन्हा नीट पाहिलं. "छान दिसतोय," म्हणाले, आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.

ठमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सरळ केलं, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. पण त्या आजारानंतर तिने एकाही मैत्रिणीला घरी नेलं नव्हतं.

तिने झालेलं चित्रण सगळं बाद केलं. प्रिंटर सांभाळणारा सहकारी म्हणाला, हे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं झालं. तरी त्याने तोंडं पुन्हा छापून दिली, वाकडी, होती तशी. तिने ती घासली, रंगवली आणि पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. हिवाळा त्यातच गेला. घरी जाणं जमलं नाही. फोन केला की बाबा दोन शब्द बोलून आईकडे देत. रागावले असणार, आणि बरोबरच आहे, असं तिला वाटे.

पहिल्या खेळाला आईबाबा अंधार झाल्यावर आत आले. पडद्यावर ते वाकडं तोंड भिंतीएवढं झालं, हसलं, आणि सगळं थिएटर त्याच्याबरोबर मायेने हसलं. ठमीने कितीतरी दिवसांनी मान वर केली.

दिवे लागताच ती त्यांच्या रांगेपाशी धावली. बाबांनी वर पाहिलं. त्यांचं तोंड सरळ होतं.

"तुझा बाहुला बघून आल्यापासून रोज आरशासमोर बसून तोंड सरळ धरायचा सराव करतात," आई म्हणाली. "तुला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून."

मागून मैत्रिणी बाबांना भेटायला येतच होत्या. बाबांनी एकदा रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि ओठांचा डावा कोपरा अलगद खाली सोडला.