शेठचा रबरी सूट

"घाल," म्हणत शांतीलालशेठनं सूट गोवालच्या पायाशी फेकला. "देख, नवा शे का नही?"

सूट म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी पँट. खाली बूट जोडलेले, वर खांद्यावर अडकवायचे पट्टे. तापीत उभं राहून जाळी लावायला शेठनं तो सुरतेहून आणला होता, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाला घोड्याची करणार नाही एवढी तारीफ तो त्याची करत असे. याले काटा लागस नही, याले खेकडा चावस नही, पाच वरीस फाटस नही!

काल गोवाल तो घालून पाण्यात उभा असताना नदी एकाएकी वाढली. सुटाच्या काठावरून पाणी आत शिरलं. शिरलं ते शिरलंच, त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. गोवालचे पाय उचलेनात. शेवटी त्यानं कमरेचा चाकू काढून सुटाचे दोन्ही पाय मांडीपासून खालपर्यंत फाडले, तेव्हा कुठं माणूस काठाला लागला. आणि आज सकाळी शेठ शहाद्याच्या पंक्चरवाल्याकडून त्या फाटक्या पायांवर ट्रकच्या ट्यूबची लांब ठिगळं चिकटवून घेऊन हजर!

"पंक्चरवाला म्हने, रबर फाटी, पन जोड निंघाव नही. इतला भारी माल! त्यावर चाकू चालाडाले तुन्हा हात कसा धजना रे?"

"जीव जाई ऱ्हायंता, शेठ." पाणी गिळून गिळून गोवालचा आवाज बसला होता.

"जीवले काय व्हयनं? उभा शे ना मन्हा पुढे! नुकसान मन्हं व्हयनं."

गोवालनं सुटाकडे पाहिलं. हात लावला नाही. "मी घालाव नही," तो म्हणाला.

"मंग उद्यापासून येऊ नको. होडी आठेच ऱ्हाऊ दे, ती ठेकानी शे. तुन्हा जागावर दुसरा येई."

आता हे बोलणं सोपं होतं. नदीतल्या मासेमारीचा ठेका शेठचा; होडी गेली की नवरा-बायकोला कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात जावं लागणार, हे शेठला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर तो बोलला.  गोवाल हळूच वाकला आणि त्यानं सुटाचा एक पट्टा हातात घेतला.

भुरीबाई पलीकडं मासळी धूत बसली होती. नवऱ्याला वाकलेलं पाहिलं आणि तिच्या डोक्यात सणक गेली. ती उठली, त्याच्या हातातून पट्टा हिसकावला आणि सूट शेठपुढं धरला.

"शेठ, तुम्ही घाला."

"मी?"

"चांगला शे म्हंतस ना? घालीसन दखाडा. मंग हाऊ घाली," तिनं नवऱ्याकडं बोट केलं.

"ए बाई, मासा धो तुन्हा!"

"का? भ्याव लागस?"

झालं! शांतीलालशेठला काहीही म्हणावं, भित्रा म्हणू नये. त्यानं चपला काढल्या, पोट आत ओढलं आणि सुटात शिरला. पट्टे खांद्यावर चढवले आणि तरातरा गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. "देख! एक थेंब मधमा नही!"

"मधमा येवानं कोन इचारस?" भुरीबाई बादली घेऊन त्याच्या मागोमाग पाण्यात उतरली होती. "गयेलं पानी बाहेर येस का, ते देखू."

असं म्हणून तिनं भरली बादली त्याच्या छातीशी सुटात ओतली. तो "ए, ए!" करतोय तोवर दुसरी ओतली.

"डोकं फिरनं का तुन्हं? भवाने!"

तो तिला मारायलाच निघाला. पण निघणार कसा? पाय उचलेना. त्यानं जोर लावला, बूट गाळात रुतला, आणि हा गडी धाडकन पाठीवर पडला. गाळाच्या उतारावरून घसरत घसरत खोल पाण्यात गेला. छातीवरून पाणी भदाभदा आत शिरू लागलं. त्यानं पट्टे ओढून पाहिले. ते त्याच्या मांसल खांद्यात रुतून बसले होते. उठायला गेला की पुन्हा खाली. पाणी हनुवटीला लागलं.

"गोवाल! काढ माले! गोवाल रे!"

गोवाल पाण्यात उतरला. राग त्यालाही होता, पण बुडता माणूस बघत बसणं त्याला जमेना. शेठनं त्याच्या गळ्याला मिठीच मारली. गोवालनं ओढून पाहिलं. पाण्यानं भरलेला तो सूट आणि त्यातला शेठ, दोन्ही मिळून जागचे हलेनात.

"काप! चाकू काढ, काप!"

गोवालनं चाकू काढला. पण लगेच चालवला नाही.

"काल मी याना मधमा व्हतू, शेठ. तवय तुम्ही काठवर उभा राहीसन काय आरडनात, याद शे?"

शेठनं गळ्याची मिठी आणखी आवळली. 

"'फाडू नको' आरडनात," भुरीबाई म्हणाली. "मी आठेच व्हती. 'फाडू नको रे, महाग शे.' दोन डाव आरडनात."

"काप रे बाबा," शेठ म्हणाला. तो आता रडत होता.

गोवालनं मांडीवरचं रबर मुठीत धरलं आणि चाकू मारला. नुसता चरा उठला. पुन्हा मारला. पुन्हा चराच. शेठ डोळे मिटून "काप, काप" करत होता. सुटाची तारीफ शेठ काही खोटी करत नव्हता, रबर खरंच चांगलं होतं. पाचव्या वाराला फाटलं.